बाबांची बटणं

माझे वडील दिल्लीतल्या एका सरकारी इमारतीत केअरटेकर होते. केअरटेकर म्हटलं की लोकांना वाटतं, झाडांना पाणी घालणारा माणूस. तसं नव्हतं. पाच मजली इमारत, प्रत्येक मजल्यावर ओळीने खोल्या, आणि संध्याकाळी सहानंतर त्यातल्या एकेका खोलीतला दिवा, पंखा, कूलर बंद आहे की नाही हे पाहायची जबाबदारी बाबांची. याला ते ‘राउंड’ म्हणत. सोबत शिपाई असायचा, पण बटणं बाबा स्वतः दाबायचे. शिपायाने दाबलेल्या बटणावर त्यांचा विश्वास नव्हता.

ऑफिसातला राउंड संपवून बाबा आर. के. पुरमच्या क्वार्टरमध्ये आले की दुसरा राउंड सुरू व्हायचा. दोन खोल्यांचं घर, त्याला राउंड तो काय लागणार, पण लागायचा. आम्ही तिघं भावंडं टीव्ही बघत असायचो आणि जिन्यात बाबांच्या चपला वाजल्या की टीव्ही बंद करून पुस्तकं उघडायचो. बाबा आत येऊन काही न बोलता टीव्हीच्या पाठीला हात लावायचे. पाठ गरम लागली की आमच्याकडे बघायचे. मारणं नाही, ओरडणं नाही, नुसतं बघणं. इस्त्रीचं तर वेगळंच शास्त्र होतं. शेवटचा शर्ट हातात घेतला की इस्त्री बंद करायची आणि उरलेल्या उष्णतेवर रुमाल काढायचे. फ्रिजमधून काय घ्यायचं ते आधी ठरवायचं, मग दार उघडायचं. संध्याकाळी वंदनेला बसलो की बुद्धमूर्तीपुढे मेणबत्ती लागायची, आणि मेणबत्ती लागली की ट्यूबलाइट बंद व्हायची, कारण एका खोलीला दोन उजेड कशाला? आई म्हणायची, यांना सूर्याचं बटण सापडलं तर दिल्लीत दुपारी चारलाच अंधार पडेल.

मी चेष्टेने सांगतोय खरा, पण खाण तशी माती. मीही आता केंद्र सरकारच्याच नोकरीत आहे आणि कुठल्याही खोलीतून बाहेर पडताना माझा हात आपोआप बोर्डाकडे जातो. एकदा मीटिंगमधून सगळ्यांच्या आधी उठलो आणि आत दहाबारा माणसं बसलेली असताना दिवे बंद करून बाहेर पडलो. साहेबांसकट सगळे अंधारात. आमच्या सेक्शनमध्ये तो किस्सा अजून चहाबरोबर निघतो.

आई गेल्यावर बाबा आमच्याकडे गाझियाबादला आले. आमची इमारत चार मजल्यांची, आम्ही तिसऱ्या मजल्यावर. मोठ्या सोसायट्यांसारखा जनरेटर इथे नाही, ज्याचा त्याचा इन्व्हर्टर. बाबांना तेव्हा ऐंशी पूर्ण झाली होती. पेपर नऊ वाजेपर्यंत वाचून व्हायचा. पार्कात म्हातारी माणसं जमायची, पण त्यांचं बोलणं फ्लॅटच्या किमतींवरून पुढे सरकत नाही म्हणून बाबा तिथून लवकर यायचे. महिनाभर ते घरात पाहुण्यासारखे वागले, आणि मग एके दिवशी त्यांनी घरातली बटणं ताब्यात घेतली. पहाटे पाचला एक राउंड, दुपारी जेवणानंतर एक, संध्याकाळी वंदनेच्या आधी एक. मुलीच्या चार्जरपासून गीझरपर्यंत काहीही त्यांच्या नजरेतून सुटायचं नाही. त्यांना घरात एवढंच काम होतं, आणि ते काम होतं म्हणून ते ताठ होते, वेळेवर दाढी करत होते, वेळेवर जेवत होते. हे मला तेव्हाही स्पष्ट दिसत होतं. न कळून केलं असं म्हणायची सोय मला नाही.

उन्हाळ्यात आमच्या भागात लाइट जाते, पण निदान आधी कळवून जाते. इमारतीच्या ग्रुपवर आदल्या दिवशी मेसेज येतो की उद्या अमुक ते अमुक शटडाउन, कृपया सहयोग करें. सहयोग म्हणजे काय करायचं हे फक्त बाबांना माहीत होतं. मेसेज आला की ते जुन्या कॅलेंडरच्या पानामागे मोठ्या अक्षरात वेळ लिहायचे आणि पान फ्रिजच्या दारावर लावायचे. मग सकाळपासून घराला कामाला लावायचे. टाकीत पाणी चढलं का, वाटणघाटण उरकलं का, मोबाइल चार्जिंगला लागले का. लाइट जायच्या दहा मिनिटं आधी फ्रिज बंद, टीव्हीचा प्लग काढलेला, कारण परत येताना लाइट कधी झटका देऊन येते. तळमजल्यावरच्या डॉक्टरीणबाईंना लिफ्ट वापरू नका असं इंटरकॉमवर सांगायचे. त्या तळमजल्यावरच राहतात, त्यांना लिफ्टचं काय, पण त्या आपल्या ‘बिल्कुल, अंकल’ म्हणायच्या. बायको बाबांच्या माघारी त्यांना ऊर्जामंत्री म्हणायची. मात्र लाइट गेल्यावर आजूबाजूच्या घरांतून धावपळ ऐकू यायची आणि आमचं घर शांत असायचं, हेही तीच सांगायची.

इन्व्हर्टर मात्र बाबांना कधी आवडला नाही. कोणी काही वापरत नसलं तरी हा आपला दिवसभर घुंघुं करतो आणि गरम होतो, असं त्यांचं म्हणणं. तो चार्जिंगला लागलेला असतो, असं मी सांगायचो. ते मान हलवायचे.

मुलीची एका संशोधन संस्थेसाठी मुलाखत होती. पुण्याची संस्था, मुलाखत ऑनलाइन, सकाळी साडेअकराला. आदल्या दिवशी ग्रुपवर मेसेज आला की उद्या अकरा ते दोन शटडाउन. मी म्हटलं, काळजी नको, इन्व्हर्टर आहे. त्या संध्याकाळी मी इन्व्हर्टरसमोरचं चपलांचं रॅक सरकवलं, बॅटरीत पाणी घातलं, सगळं पुसून घेतलं. पंखे, वायफाय, दिवे असं सगळं चालवून दाखवलं. मुलगी म्हणाली, थँक्यू पप्पा. रॅक मी तसंच बाजूला राहू दिलं.

दुसऱ्या दिवशी मी आणि बायको आपापल्या कामाला गेलो. घरी आजोबा आणि नात. मुलाखत सुरू झाली, वीस मिनिटं चांगली चालली, आणि वायफाय गेलं. पंखा थांबला. तिने मोबाइलवरून जोडायचा प्रयत्न केला, पण लाइट गेली की आमच्याकडे मोबाइलचं नेटवर्कही ढेपाळतं. परत जोडली गेली तेव्हा समोरच्यांचे चेहरे थिजलेले आणि आवाज तुटक. त्यांनी सभ्यपणे धन्यवाद म्हणून संपवलं. तिने मला फोन केला आणि फोनवर ती रडली. मुलगी सहसा रडत नाही.

संध्याकाळी घरी आल्या आल्या मी इन्व्हर्टर पाहिला. त्याच्या प्लगचं बटण बंद होतं. म्हणजे पहाटेपासून घरात लाइट असूनही इन्व्हर्टरला ती मिळतच नव्हती, आणि सगळे पंखे सकाळपासून बॅटरीवर फिरत होते. पंखे फिरतायत म्हणून कोणाला शंका आली नाही. शटडाउन सुरू व्हायच्या आधीच बॅटरी अर्ध्याहून जास्त संपली होती.

कोणी बंद केलं, हे विचारायची गरज नव्हती, पण मी विचारलं. बाबा खुर्चीतून उठून उभे राहिले, साहेबांपुढे राहावं तसे. म्हणाले, मीच केलं. पहाटे पॅसेजमध्ये लाल दिवा दिसला. रिकाम्या पॅसेजमध्ये दिवा जळतोय म्हणून बंद केला.

तो लाल दिवा एरवी चपलांच्या रॅकमागे असायचा. रॅक मी सरकवलं म्हणून तो त्यांना पहिल्यांदा दिसला. हे मला त्या वेळी सुचलं नाही. सुचलं असतं तरी मी थांबलो असतो असं नाही. दिवसभराचा राग होता, मेट्रोच्या गर्दीतून उभ्याने आलेलो होतो, मुलीचे डोळे सुजलेले दिसत होते. उचलली जीभ, लावली टाळ्याला. मी बायको आणि मुलीसमोर म्हणालो, “बाबा, आजपासून या घरातल्या एकाही बटणाला तुम्ही हात लावायचा नाही. लावायचंही नाही आणि बंदही करायचं नाही. समजलं?”

बाबा म्हणाले, “समजलं.”

मुलीनेच मला आत नेऊन सांगितलं की पप्पा, असं नव्हतं बोलायचं यार. आणि मग तिने सांगितलं की तिची मुलाखत चालू असताना आजोबा स्वतःच्या खोलीतला पंखा बंद करून बसले होते, इन्व्हर्टरवर भार नको म्हणून. मी ऐकून घेतलं. माफी मागायची ती वेळ होती. मी जेवायला बसलो.

मुलीला ती जागा मिळाली नाही. तिच्या म्हणण्याप्रमाणे तशीही मिळाली नसती, पण हे ती आजोबांसाठी म्हणते की खरंच, ते मला अजून कळलेलं नाही. चार महिन्यांनी तिला दुसरीकडे काम मिळालं आणि तिच्या बाजूने तो विषय संपला.

बाबांच्या बाजूने तो सुरू झाला होता. त्यांनी शब्द पाळला, आणि तो असा पाळला की पहिले काही दिवस मला बरंच वाटलं. घरात कोणी पाठीमागे येऊन दिवे घालवत नव्हतं. बाथरूममध्ये असताना अंधार होत नव्हता. फ्रिजवरचं कॅलेंडरचं पान नाहीसं झालं. पुढच्या शटडाउनला बायकोने इडलीसाठी डाळ-तांदूळ भिजवून ठेवलेले, मिक्सर लावणार तेवढ्यात लाइट गेली. ती म्हणाली, अगंबाई, आज होतं का? बाबा समोरच पेपर वाचत होते. त्यांच्याही मोबाइलवर मेसेज आलेला होता. ते काही बोलले नाहीत.

मग हळूहळू लक्षात यायला लागलं. संध्याकाळी घरी यावं तर बाबा अंधारात बसलेले. मुलगी कॉलेजातून आली की तिला म्हणायचे, बेटा, जरा दिवा लाव. पंखा जोरात हवा असेल तर कोणी त्या बाजूने जाईपर्यंत थांबायचे. मला वाटलं रुसलेत. म्हाताऱ्या माणसाचा रुसवा, जाईल आपोआप, असं मी बायकोला म्हणालो. ती म्हणाली, हा रुसवा नाही. मग काय आहे ते तिलाही सांगता येईना. मी विषय सोडून दिला, कारण रुसवा म्हणणं मला सोयीचं होतं. रुसलेल्या माणसाची अर्धी चूक तरी असते.

जूनमध्ये बायको आणि मुलगी लग्नासाठी चार दिवस नागपूरला गेल्या. मला रजा मिळाली नाही, आणि बाबांना त्या उन्हात प्रवास नको, असं ठरलं. दुसऱ्या दिवशी सकाळी मी पोळी-भाजी टेबलावर झाकून ठेवली, हॉलचे आणि बाबांच्या खोलीतले पडदे ओढले आणि सव्वाआठला निघालो. बाबा आंघोळीला गेले होते. मी बाहेरूनच ओरडून सांगितलं की निघालो, आणि आज बारा ते दोन शटडाउन आहे. आतून हो आलं.

दुपारी अडीचला मी ऑफिसातून फोन केला. जेवलात का? जेवलो. लाइट आली का? आली. बरं आहे ना सगळं? हो, बरं आहे. आवाज जरा बारीक वाटला, पण फोनवर त्यांचा आवाज बारीकच असतो. मी फोन ठेवला आणि फाइल उघडली.

पावणेसातला घरी पोहोचलो. बाहेर अजून चांगला उजेड होता, पण पडदे ओढलेले असल्यामुळे आत अंधारलेलं. दार उघडताच तोंडावर गरम हवा आली. बाबा पॅसेजमधल्या फरशीवर आडवे होते. अंगात फक्त बनियन, छातीवर ओला पंचा, आणि तोही वाळत आलेला. मी हाक मारली तर त्यांनी डोळे उघडले, पण बोलायला वेळ लागला. जीभ कोरडी पडली होती. मी इतका घाबरलो की पाणी आणायच्या आधी तळमजल्यावर धावलो.

डॉक्टरीणबाई निवृत्त आहेत, पण बॅग तयार असते त्यांची. त्यांनी नाडी पाहिली, बीपी घेतलं. खाली गेलं होतं. मला मीठ-साखरेचं पाणी करायला लावलं आणि चमच्याने, हळूहळू, असं बजावलं. तेवढ्यात त्यांची नजर वर गेली.

“पंखा ख़राब है क्या?” त्यांनी विचारलं.

मी उठून बटण दाबलं. पंखा फिरायला लागला. बाबांच्या खोलीत जाऊन तिथलं दाबलं. तोही फिरायला लागला. डॉक्टरीणबाई माझ्याकडे बघत होत्या. मी परत येऊन बाबांना चमच्याने पाणी पाजू लागलो. तासाभराने बीपी वर आलं. अजून थोडा वेळ गेला असता तर दवाखान्यात न्यावं लागलं असतं, असं त्या जाताना हिंदीत, जरा कडक आवाजात म्हणाल्या. घरात लाइट असताना त्रेचाळीस डिग्रीत माणूस पंख्याशिवाय दिवसभर कसा राहतो, हे त्यांना समजत नव्हतं. मला समजत होतं.

बाबा उशीला टेकून बसले. रंग परत आला होता. मी त्यांच्या पायाशी बसून विचारलं, “पंखा का नाही लावलात, बाबा?”

ते माझ्याकडे बघत राहिले, प्रश्नच कळला नसल्यासारखे. मग म्हणाले, “सकाळी तू बंद करून गेलास. मला वाटलं, काही कारण असेल.”

मी सकाळी त्यांच्या खोलीतून निघताना पंखा बंद केला होता. ते आंघोळीला होते, खोली रिकामी होती, हात आपोआप गेला. मला ते आठवतही नव्हतं. आणि बाबा आंघोळ करून आले, पंखा बंद दिसला, मुलाने बंद केलाय तर काही कारण असेल असं त्यांनी ठरवलं, आणि दिवसभर त्या बटणाकडे बघत बसले. बारा ते दोन लाइट नव्हती, तरी तेवढे दोन तास इन्व्हर्टर होता. बाकीचा दिवस लाइट होती. अडीचला मी विचारलं तेव्हा तसं त्यांनी सांगितलंही. मी जे विचारलं त्याचं खरं उत्तर दिलं.

रुसवा असता तर बरं झालं असतं. रुसलेला माणूस चिडून का होईना, पंखा लावतो. बाबांना मी एक आदेश दिला होता आणि नोकरीतल्या चाळीस वर्षांच्या सवयीनुसार ते तो पाळत होते. मला रडू आलं. बाबांसमोर मी मोठेपणी पहिल्यांदा रडलो असेन. म्हणालो, “चुकलं माझं. तुम्ही वाटेल ते बटण लावा, वाटेल ते बंद करा. घर तुमचं आहे.”

“असू दे,” बाबा म्हणाले. “पोरीचं नुकसान झालं होतं.”

बायको आणि मुलगी परत आल्या. मी त्यांना सगळं सांगितलं, काही न लपवता. बायको दोन दिवस माझ्याशी नीट बोलली नाही, ते योग्यच होतं. मुलगी आजोबांजवळ जाऊन बसली आणि तिने त्यांना सांगितलं की तिच्या खोलीतले चार्जर सारखे चालू राहतात, तिला आठवत नाही, जरा बघत जा. आठवड्याभरात बाबा उठले. परत राउंड सुरू झाला. मला इतका आनंद झाला की पहिल्या दिवशी मी मुद्दाम स्वयंपाकघरातला दिवा चालू ठेवून बाहेर आलो.

पण राउंड आता पूर्वीसारखा नाही. बाबा प्रत्येक बोर्डापाशी थांबतात, बटणावर बोट ठेवतात आणि घरात जो असेल त्याला विचारतात, “बंद करू का?” आम्ही म्हणतो, करा बाबा. मग ते दाबतात आणि पुढच्या बोर्डाकडे जातात. विचारू नका असं मी त्यांना शंभरदा सांगितलं. ते हो म्हणतात आणि पुढच्या खोलीत परत विचारतात. परवा संध्याकाळी घरी आम्ही दोघंच होतो आणि मी आंघोळ करत होतो. पाण्याच्या आवाजात मला काही ऐकू आलं नाही. सावकाश अंग पुसून, कपडे घालून बाहेर आलो. बाबा पॅसेजमधल्या बोर्डासमोर, बटणावर बोट ठेवून, उभे होते.